कातळावर पाय ठेवायला शिकताना

गेल्या हिवाळ्यात एका किल्ल्याच्या वाटेवर मी दीड तास कड्याला चिकटून उभी होते. कडा म्हणजे फार नव्हे, जेमतेम वीस फुटांचा टप्पा. आमच्या अकोल्याच्या ग्रुपमधली साठीची माणसं तो गप्पा मारत चढून गेली होती. मी मध्यावर पोहोचले, खाली बघितलं, आणि मग वर जाता येईना की खाली.  मागे चाळीसेक माणसांची रांग खोळंबली. कुणी रागावलं नाही, उलट सगळे "सावकाश ताई, घाई नाही" असंच म्हणत राहिले. त्या समजूतदारपणानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी दुसऱ्या ग्रुपबरोबर आलेली एक बाई बाजूच्या कातळावरून सरसर चढून माझ्याजवळ आली. तिनं माझ्या कमरेला दोर बांधला आणि मला एकेक पाऊल खाली उतरवलं. खाली आल्यावर मी तिची माफी मागायला लागले, तर ती म्हणाली, "भ्यायची लाज कसली? पर शिकायचं आसंल तर साताऱ्याला या. मी शिकवती."

ती बाई म्हणजे द्वारका काळेल. मी सत्तेचाळीस वर्षांची, अकोल्यात औषधांचं दुकान चालवणारी. माझा दिवस काउंटरच्या मागे उभं राहण्यात जातो. साताऱ्याला जाऊन कातळ चढायला शिकणार म्हटल्यावर घरी नवरा म्हणाला की अकोल्यात चढण्यासारखं आहे काय, फार तर गच्ची. मुलीनं मात्र आठ दिवस दुकानात बसायचं कबूल केलं, आणि फेब्रुवारीत मी निघाले.

सातारा

आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना साताऱ्यात उतरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांची सवय बदलावी लागते. आमच्याकडे नजर सरळ जाते ती थेट आभाळाला टेकते. इथे जिकडे बघावं तिकडे डोंगर आडवा येतो, आणि त्या डोंगराच्या माथ्याला काळ्या कातळाची पट्टी असते. मी स्टँडबाहेर बॅग खाली ठेवून त्या पट्ट्यांकडेच बघत राहिले होते. द्वारकाताई मला न्यायला आल्या तेव्हा त्यांना वाटलं मला घेरी आली.

त्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी कमी. यजमान सैन्यात, त्यामुळे बोलण्यात मधूनच "ड्यूटी", "रेस्ट" असे शब्द येतात. जन्म माणदेशातला, दुष्काळी भागातल्या धनगराच्या घरातला. लहानपण शेळ्यांमागे गेलं. पहिल्या दिवशी जेवताना त्यांनी सांगितलं की शेळी कड्यावर अडकली की वडील त्यांनाच पाठवायचे, कारण भावंडांत त्याच सगळ्यांत हलक्या. पुढे लग्नानंतर एका गिर्यारोहणाच्या शिबिरात त्या भाकऱ्या करायला म्हणून गेल्या. शिबिरातले लोक एका कातळावर दुपारभर झटत होते. त्यांच्या भाकऱ्या गार व्हायला लागल्या म्हणून ह्या बोलवायला गेल्या आणि साडीचा ओचा खोचून, अनवाणी, शेजारच्या बाजूनं वर पोहोचल्या. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या दुसऱ्या कुणीतरी केल्या. हे सगळं त्या इतक्या साधेपणानं सांगत होत्या की मी तोंडाशी नेलेला घास तसाच धरून ऐकत राहिले.

त्या रात्रीच्या जेवणात हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं होतं. आमच्याकडे हुलगा कुणी फारसा खात नाही. पहिला घोट मला उग्र लागला, तिसऱ्या घोटाला मी वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या एका टेकडीवर गेलो. तिथे एक बारा-पंधरा फुटांचा मोठा दगड आहे, पाय दुमडून बसलेल्या म्हशीसारखा. वर दोर अडकवला. त्याचं एक टोक माझ्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं खाली द्वारकाताईंच्या पट्ट्यातून त्यांच्या हातात. चढणाऱ्याला असं खालून दोरानं सांभाळायचं, त्याला बिले देणं म्हणतात. चढणारा घसरला तर तो दोरावर लोंबकळतो, खाली आदळत नाही. हे मला समजलं होतं. माझ्या पोटाला समजलं नव्हतं.

मी तो दगड हातांनीच चढायला गेले. विहिरीतून पाणी शेंदावं तसं स्वतःला ओढत होते. चार वेळा पडले, पाचव्यांदा वर पोहोचले, आणि दुपारी जेवायला बसले तर बोटांनी भाकरी तुटेना. द्वारकाताईंनी मुकाट्यानं माझ्या भाकरीचे तुकडे करून दिले.

संध्याकाळी त्यांनी कारण सांगितलं. हात दमतात, पाय दमत नाहीत. आयुष्यभर अंगाचं ओझं पायांनी उचललंय, मग कातळावर आल्यावर ते हातांवर का टाकायचं? हात फक्त तोल सांभाळायला. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढायला लागले.

मग त्यांनी पिशवीतून दोन लिंबं काढली आणि माझ्या दोन्ही मुठींत एकेक दिलं. उतरत्या, पाट्यासारख्या एका कातळावर त्यांनी मला उभं केलं आणि सांगितलं की लिंबं मुठीत ठेवून वर जायचं. फुटता कामा नयेत. बोटं वापरायला मिळेनात, तेव्हा नाइलाजानं मी पायांकडे बघायला लागले. पहिल्या खेपेला दोन्ही लिंबं फुटली आणि रस कोपरापर्यंत ओघळला. खरचटलेल्या जागी जी आग झाली ती मी विसरणार नाही. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला मला एक गोष्ट दिसली. जो कातळ मला सपाट वाटत होता तो सपाट नव्हताच. त्याला बारीक खळगे होते, कडा होत्या, सुपारीएवढे उंचवटे होते. तिथे बुटाचं टोक नीट ठेवलं, त्याच्यावर अंगाचा भार टाकला आणि क्षणभर थांबलं, की तो धरून ठेवत होता. मी आत्तापर्यंत पाय ठेवत नव्हते, नुसते घासत होते.

चढाईच्या तिसऱ्या दिवशी दोन्ही लिंबं शाबूत घेऊन मी वर गेले. त्यांचं सरबत करून आम्ही दगडाच्या सावलीत प्यालो. द्वारकाताईंनी कौतुकाचा शब्द काढला नाही, पण साखर मात्र मला विचारून घातली.

पाचगणीच्या खाली

चढाईच्या पाचव्या दिवशी पाचगणीच्या पायथ्याकडच्या एका कड्यावर गेलो. वाटेत रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला बसलेल्या बायका होत्या. मी हौसेनं एक खोकं घेतलं, दोराच्या पिशवीत घातलं आणि वरून दोर अडकवायच्या लोखंडी कड्या ठेवल्या. कड्यापाशी पोहोचेपर्यंत आमचा दोर गुलाबी झाला होता. द्वारकाताईंनी काय झालं ते वासावरून ओळखलं, दोर पुसून घेतला, आणि मग आम्ही दोघींनी खोक्याच्या तळाला उरलेला लगदा बोटांनी खाल्ला. तसल्या स्ट्रॉबेऱ्या मी पुन्हा खाल्ल्या नाहीत.

हा कडा साठेक फूट होता आणि वरून दोर सोडायची सोय नव्हती. अशा वेळी एकानं आधी दोर घेऊन चढायचं असतं. वाटेत कातळात ठोकलेल्या खिळ्यांमध्ये तो दोर अडकवत जायचं, म्हणजे घसरलं तरी शेवटच्या खिळ्याच्या आधारानं माणूस लटकतं. पण त्या खिळ्याच्या वर जेवढं गेलेलं असेल त्याच्या दुप्पट पडतं. म्हणून खाली बिले देणारा भरवशाचा लागतो. चार दिवस द्वारकाताईंनी माझ्याकडून बिलेचा सराव करून घेतला होता. दोर कसा सोडायचा, कसा ओढायचा, आणि काहीही झालं तरी खालचा हात दोरावरून काढायचा नाही.

त्या चढायला लागल्या. मी खाली. त्यांचं चढणं बघत राहावं असं होतं. कुठे झटका नाही, धाप नाही. घरात माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढावं तशा त्या पाऊल टाकत होत्या. तिसऱ्या खिळ्यात दोर अडकवून त्या चार-पाच फूट वर गेल्या, उजव्या हातानं एक उंचवटा धरला, आणि तो उंचवटा त्यांच्या हातात आला.

दगड माझ्या बाजूनं खाली गेला. त्याचा आवाज मी नंतर ऐकला असं वाटतं. कुणीतरी पट्ट्याला धरून उचलावं तशी मी दोराबरोबर वर खेचले गेले, माझे पाय जमिनीवरून सुटले आणि खांदा कातळावर आपटला. डोळे मिटले होते. उघडले तेव्हा मी हातभर वर तरंगत होते, खालचा हात दोरावर आवळलेला होता, आणि वर द्वारकाताई दोराला लटकत हळूहळू गोल फिरत होत्या.



"धरलंय न्हवं?" वरून त्यांनी विचारलं.

"धरलंय," मी म्हणाले. 

"मग सोडा सावकाश."

मी त्यांना इंचाइंचानं खाली सोडलं. खाली आल्या तशा त्या मातीत बसल्या. त्यांचं कोपर सोललं होतं.  पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या की दगड धरायच्या आधी वाजवून बघायला पाहिजे होता. पोकळ दगड पोकळ वाजतो. मला हे त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि आज त्या स्वतःच विसरल्या, वीस वर्षं चढतात या भरवशावर. "माझी चूक झाली, ताई. तुमी धरलं म्हनून निभावलं."

मी आजवर खूप शिक्षक पाहिले. असं विद्यार्थ्यासमोर जमिनीवर बसून स्वतःची चूक सांगणारी ही पहिली. मला रडू आलं. त्यांनी ते भीतीचं धरलं. खरं तर भीती नव्हतीच. दोर धरतो की नाही ही शंका मला चार दिवस पोखरत होती, आणि त्या दिवशी ती माझ्याच हातांनी फिटली. मीच धरला होता. मग माझ्यासाठी धरणारं माणूसही धरणारच, हे आता पोटालाही कळलं.

अर्ध्या तासानं त्या उठल्या, कोपराला फडकं बांधलं आणि पुन्हा त्याच वाटेनं चढल्या. या खेपेला प्रत्येक दगड बोटाच्या पेरानं टक टक वाजवत. मी खाली तो आवाज मोजत उभी होते.

कुंडल

शेवटचे दोन दिवस सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या कुंडलला. साताऱ्याकडून उतरत आलं की डोंगर बुटके होत जातात, ऊस दिसायला लागतो, मग द्राक्षबागा. कुंडलच्या डोंगरावर जैनांची जुनी देवळं आहेत. तिथे कुणी दोर लावत नाही. आम्ही गेलो ते भूपालअण्णांच्या शेताच्या मागे. अण्णा पाटील, जैन शेतकरी, सत्तरीला टेकलेले, द्राक्षबागेचे मालक. बाग जिथे संपते तिथे चाळीस फुटांचा एक कडा उभा आहे. बारा वर्षांपासून अण्णा द्वारकाताईंच्या विद्यार्थ्यांना तिथे चढू देतात. त्यांची अट एकच असते. कपारीत पाकोळ्यांची घरटी असतात, त्यांना हात लागता कामा नये. आम्ही पोहोचताच ते दुर्बीण घेऊन आले, कडा न्याहाळला आणि डावीकडची बाजू या वर्षी बंद म्हणून सांगितलं. तिथे मातीची दोन घरटी होती.

त्यांच्या पत्नी सुशीलाअक्का. पासष्टीच्या, ठेंगण्या, हसऱ्या. त्यांच्या घरचं जेवण माझ्यासाठी नवलच. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही. आणि सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, त्यानंतर पाणीसुद्धा नाही. आमच्याकडे कांदा चिरल्याशिवाय चूल पेटत नाही आणि रात्री साडेनवाच्या आत ताटं मांडली तर शेजारी चौकशी करतात. मी मनाशी म्हटलं, दोन दिवस उपाशी राहावं लागणार. पण मुगाची उसळ, दोडक्याची भाजी, तिळाची चटणी, गरम भाकरी आणि ताक असं साडेपाचला पोटभर खाल्लं. सकाळी उठले तर अंग इतकं हलकं की मी द्वारकाताईंना म्हणाले, चढायच्या आदल्या संध्याकाळी नेहमी असंच जेवायला हवं. अक्का हसून म्हणाल्या, "मग ऱ्हावा की इथंच. ऱ्हायला काय न्हाई म्हनतोय व्हय आमी."

त्या कड्याच्या उजव्या बाजूला मधोमध कातळाचं एक पोट पुढे आलेलं आहे. त्याच्याखाली पोहोचलं की पुढचा दगड दिसत नाही आणि अंग मागे झुकतं. पहिल्या दिवशी मी तिथे तीनदा अडकले. हात भरून आले, बोटं आपोआप उघडली, तीनदा दोरावर लोंबकळले. आश्चर्य म्हणजे लोंबकळताना मला भीती वाटेनाशी झाली होती. मी तिथेच लटकत वरच्या कातळाकडे बघत बसायचे आणि खालून द्वारकाताई विचारायच्या, काय दिसतंय.

शेवटच्या दिवशी दुपारी चढायच्या आधी मी अर्धा तास नुसती खाली उभी राहिले. कुठे डावा पाय, कुठे उजवा, कुठे थांबून हात झटकायचे, हे बोट हवेत नाचवत ठरवलं. मग चढले. पोटाखाली पोहोचल्यावर हात सरळ सोडून दम घेतला, उजवा पाय कमरेएवढा उंच एका अरुंद कडेवर ठेवला. मनात आलं की इथे ओढायचं नाही, उठायचं. खुर्चीतून उठतात तसं त्या एका पायावर मी उठले. डोकं पोटाच्या वर आलं आणि समोर एक खाच दिसली, चांगली चार बोटं मावतील अशी. तिला आधी टक टक केलं. भरीव वाजली.

वरचे दहा फूट कसे गेले ते आठवत नाही. माथ्यावर गवत होतं, वारा होता, आणि खालून अण्णा टाळ्या वाजवत होते. द्वारकाताई दोर सांभाळून वर बघत होत्या. त्या ओरडल्या नाहीत. खाली आल्यावर त्यांनी माझ्या बुटांची टोकं बघितली आणि म्हणाल्या की आता बरोबर जागी झिजलेत. त्याहून मोठं प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेलं नाही.

आम्ही सामान आवरायला लागलो. तेवढ्यात अक्का आल्या. त्या रोज ताक घेऊन यायच्या तशाच आल्या होत्या, पण तांब्या खाली ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग द्वारकाताईंना म्हणाल्या, "बारा वर्सं झाली खालनं बघती. आज मला बांध की गं."

अण्णा हसले. अक्का हसल्या नाहीत हे बघून थांबले. गुडघ्यांचं काय, लोक काय म्हणतील, सूर्य कलला आहे, जेवायची वेळ जाईल, असं त्यांनी एकेक करून सांगून पाहिलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "एक दिस न्हाई जेवलं तर काय हुतंय," त्या म्हणाल्या.

द्वारकाताईंनी वाद घातला नाही. अक्कांच्या साडीचा काचा घट्ट मारून त्यावर पट्टा चढवला, गाठ दोनदा तपासली आणि कड्याच्या सोप्या, पायऱ्यापायऱ्यांच्या बाजूला दोर लावला. मग मला म्हणाल्या की बिले तुम्ही द्या. मी त्यांच्याकडे बघितलं. दोराचं टोक माझ्यामागे त्या स्वतः धरणार होत्या, पण पट्ट्यातून जाणारा दोर माझ्या हातात दिला.

अक्का अनवाणी चढल्या. प्रत्येक पाऊल ठेवायच्या आधी पायाच्या अंगठ्यानं दगड चाचपत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं तरी हातांनी ओढत नव्हत्या. मला आठ दिवस लागले होते ते. दोनदा त्या थांबल्या, आणि दोन्ही वेळा माझ्या हातातल्या दोरावर त्यांचं वजन आलं. फार नव्हतं. तरी इतकं जड काही मी कधी धरलं नसेल.

पंधरा-वीस फुटांवर पाय टेकून उभं राहता येईल एवढी एक फळी आहे कातळाची. तिथे पोहोचून त्या वळल्या आणि पाठ कातळाला लावून उभ्या राहिल्या. खाली बाग, बागेपलीकडे ऊस, उसापलीकडे मावळतीचा लालसर उजेड. अण्णांनी पुन्हा एकदा वेळेची आठवण करून दिली, हळू आवाजात. अक्का समोरच बघत राहिल्या.

बराच वेळ झाला तेव्हा मी विचारलं, "अक्का, काय दिसतंय?"

"आमच्या घराची कौलं," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्सं त्येच्याखाली ऱ्हायली. वरनं आज बघितली."

अण्णा उठून उभे राहिले आणि घराच्या दिशेनं बघायला लागले. त्यांना तिथून ते दिसत नव्हतं.

सूर्य गेला. अक्का आणखी थोडा वेळ थांबल्या आणि मग म्हणाल्या, "आता सोडा. सावकाश."

मी सावकाश सोडलं.